आसरा जागेवरच आहेत, चंद्रकले

"आक्का, पायाला पायरी लागली," तू म्हणालीस. तेव्हा तू छातीपर्यंत गाळात होतीस.

मी काठावर पालथी पडले होते. एका हातात तुझा दंड होता, दुसऱ्या हातात वेड्या बाभळीची फांदी. आपल्या गल्लीतली कौसाबाई माझे पाय धरून मागं बसली होती. तुझ्या तोंडावर भीती असायला पाहिजे होती, ती नव्हती. बाजारात हरवलेली शेळी सापडावी तसं तुझं तोंड झालं होतं. मी म्हणाले, "पायरी गेली खड्ड्यात. वर ये." तू म्हणालीस, "थांबा की जरा. खाली अजून एक हाय."

आणि पायानं चाचपायला लागलीस. मरण कमरेच्या वर आलं होतं आणि तू पायरी शोधत होतीस.

कौसाबाईनं आधी स्वतःचं लुगडं सोडलं आणि मग माझं ओढून काढलं. आमच्यासारख्या दोन म्हाताऱ्या धरणाच्या पोटात, भर उन्हात, परकर-चोळीवर. दोन्ही लुगड्यांची गाठ ओली करून मारली, तुझ्या काखेतून घातली आणि ओढायला लागलो. तेवढ्यात वरची कड ढासळली. मोठा आवाज वगैरे काही झाला नाही. भिजलेलं शेण पाटीतून सरकावं तसा गाळ सरकला आणि तुझं डोकं दिसेना.

आम्ही ओढलं. किती वेळ ओढलं ते मला माहीत नाही आणि कोणी विचारलं तर अंदाजानं सांगणार नाही. तू बाहेर आलीस तेव्हा मी तुझ्या तोंडात बोट घालून चिखल काढला. तू माझं बोट चावलीस. मला बरं वाटलं, म्हटलं चावते म्हणजे आहे. मग कौसाबाई ओरडत काठाकडं पळाली, तुझ्या लेकाचा, दत्ताचा ट्रॅक्टर आला, तुला ट्रॉलीत घातलं. तुझा श्वास चालू होता. डांबरी रस्ता लागायच्या आधी तो थांबला.

लोक भेटायला आले. एकजण म्हणाला, जलसमाधी मिळाली, पुण्यवान बाई. मी म्हणाले, पाणी कुठं होतं, चिखल होता. तो चहा न घेताच गेला.

तुला जाऊन महिना होत आला. मला बसवत नाही. भाकरी करायला बसते आणि मधेच उठते. तव्यावर भाकरी करपते आणि सूनबाई ती काढून बाजूला ठेवते. माझ्यापेक्षा तू लहान. धाकट्या जावेनं थोरलीच्या आधी जायचं, हा कुठला शहाणपणा?

तू नवरी म्हणून जुन्या गावात आलीस तेव्हाचं सांगते, कारण हे सगळं तिथूनच सुरू झालंय. आपल्या घरची रीत अशी की नव्या सुनेनं पहिली घागर भरायच्या आधी थोरल्या जावेनं तिला बारवेत न्यायचं. बारवेच्या आत, पाण्याच्या जरा वर, भिंतीत एक देवळी होती आणि तिच्यात आसरा, पाण्याच्या देवी. सात जणी. त्यांची ओटी भरायची, दहीभात ठेवायचा आणि मागं वळून न बघता वर यायचं. त्या दिवशी पुरुषांनी बारवेकडं फिरकायचं नाही. त्यांनी विचारायचं नाही, आपण सांगायचं नाही. मी लिंबागणेशची. माझ्या माहेरी गणपती सगळ्यांचा, तिथं असलं लपवायचं काही नव्हतं. पण सासूनं सांगितलं तसं मी करत आले.

तू धर्मापुरीची. तुझ्या माहेरी जुन्या देवळाच्या भिंतीवर दगडातल्या बाया उभ्या, त्यांच्या अंगाखांद्यावर खेळून तू मोठी झालेली. मी तुला घेऊन उतरले तर तू ओटी ठेवलीस आणि आसरांच्या अंगावरून बोट फिरवायला लागलीस. मी दबक्या आवाजात म्हणाले, "काय करतीस?"

"आक्का, ह्यांच्या कडेवर पोरं हायती."

"कुणाच्या?"

"ह्या बायांच्या. शेंदराखाली. एकीच्या, दुसरीच्या. हिचं पोर तर पायापशी उभं हाय."

मला तीन वर्षं झाली होती त्या घरात. मी शेंदूरच बघितला होता. तुला म्हणाले, गप, वळून बघू नको, चल. तू आलीस, पण वळून बघितलंस. मला माहीत होतं. मी सासूला सांगितलं नाही.

मग धरण झालं. गाव उठलं. महादेवाची पिंड बैलगाडीत घालून हलगी वाजवत नव्या गावात आणली. माझे मालक गाडीपुढं चालले, तुझे मालक बैलांच्या कासऱ्याला. नंदी आणला. मारुती आणला. नव्या देवळात होम झाला, जेवणं झाली. तू सासूला विचारलंस, "आत्याबाई, आणि आसरा?" म्हातारी तंबाखू मळत होती. म्हणाली, "त्या पाण्याच्या. पाणी त्यांच्याकडं यायलंय, त्या कशाला उठतील?"

मला ते बोलणं पटलं होतं. अजून पटतं. तुला तेव्हाही पटलं नव्हतं असं वाटतं, पण तू नवीन होतीस, बोलली नाहीस. पुढं मात्र बोलायची सगळी भरपाई केलीस.

त्यानंतर पाणी कमी झालेल्या उन्हाळ्यांत जुनं गाव उघडं पडायचं. घरांची जोती, चावडीचा दगड, आणि गाळात बारवेच्या तोंडाचं एक गोल कडं. आत गाळच गाळ. आपण बायका चालत जायचो. कोणी आपल्या उंबऱ्याच्या दगडावर हळदकुंकू वाहायच्या, कोणी जात्याची जागा शोधायच्या. सगळ्यात शेवटी त्या कड्यापाशी ओटी ठेवायची आणि न वळता परत. पुरुष लांब उभे राहून विड्या ओढायचे. त्यांना वाटायचं बायका जुन्या घरांसाठी रडायला जातात. रडणाऱ्याही होत्या.

मागच्या दिवाळीनंतर कंपनीचे लोक आले. पाण्यावर सोलरच्या प्लेटा टाकणार. देवळापुढं मांडव घातला, पांढऱ्या पडद्यावर चित्र दाखवलं. धरणाचं पाणी आणि त्यावर काळ्या चौकोनांची चादर. प्लेटा तराफ्यावर, तराफे साखळीला, साखळी तळाच्या सिमेंटच्या ठोकळ्याला. एकेक ठोकळा खोलीएवढा. कौसाबाई तेव्हा ऊसतोडीला गेलेली, नाहीतर तिनं तिथंच विचारलं असतं की मासे अंधारात राहतील का. आपण दोघी मागं गोणपाटावर बसलो होतो.

साहेब तरुण होता. बोलणं चांगलं होतं, उगाच हसत नव्हता. त्यानं विचारलं, "या जागेत पाण्याखाली काही जुनं बांधकाम आहे का? देऊळ, समाधी, विहीर? असेल तर आत्ताच सांगा."

तुझा दत्ता उभा राहिला. सरपंच तो, बोलायचा मान त्याचा. म्हणाला, "साहेब, गाव होतं. पण देव आमी वर आणलेत. वाजत गाजत. खाली आता दगड न् माती. बिनधास्त टाका."

मांडवात माना हलल्या. त्यानं खोटं सांगितलं नाही, चंद्रकले. मी हे आजही म्हणते. त्याच्या लेखी देव वर आला की खाली उरतो तो दगड. देव दोन ठिकाणी असला तर नव्या देवळातला होम कशाला केला होता? कुठल्याही पुरुषानं तेच सांगितलं असतं. त्यांना माहीतच नव्हतं, कारण आपण सांगत नव्हतो, आणि न सांगणं हीच रीत होती. साहेबानं मान डोलावली आणि पुढच्या चित्राकडं गेला.

तू माझ्या बरगडीत कोपर मारलंस. मी म्हणाले, गप. घरी जाताना मात्र तू रस्ताभर सोडलं नाहीस.

"सांगाया पायजे होतं आक्का."

"कुणाला?"

"साहेबाला. दत्ताला. कुणाला बी."

"सांग की. मग पांढरी गाडी यील. दोर लावतील, उचलतील, शहरात नेऊन काचंमागं ठिवतील. आसरांना भेटाय तिकीट काढून जाणार का तू?"

"आणि न्हाई सांगितलं तर डोस्क्यावर ठोकळा पडंल."

"इतकी वर्सं गाळ पडला, काय झालं?"

"गाळ पडतो तसा ठोकळा पडत न्हाई." तू रस्त्यातच थांबलीस. "तुमाला त्या कशा दिसतात तेच ठावं न्हाई. तुमी शेंदराला हात जोडता. मी त्यांची तोंडं बघितलीत."

मला राग आला होता. तीन दिवस तुझ्याकडं ताक पाठवलं नाही. चौथ्या दिवशी तूच तांब्या घेऊन आलीस आणि म्हणालीस, ताकाचं आणि आसरांचं भांडण वेगळं ठेवा. मी तांब्या भरून दिला. भांडण तसंच राहिलं.

हिवाळा गेला. काठावर पत्र्याची खोली उभी राहिली, ठोकळे ओतायचं काम सुरू झालं. आपल्या गावातली पोरं तिथं लागली. आणि तू मला न विचारता, न सांगता त्या पत्र्याच्या खोलीत गेलीस. उकडलेल्या शेंगांची पिशवी घेऊन. साहेबाला म्हणालीस, आधी शेंगा खा, मग ऐक.

त्यानं ऐकलं, हे तूच मला सांगितलंस. त्यानं नकाशा काढला, तू त्याला नदीचं जुनं वळण सांगितलंस, चावडी कुठं, बारव कुठं. तो म्हणाला, "मावशी, मला खोटं वाटत नाही. पण नकाशात गाळ दिसतो. गावानं नाही म्हणून सांगितलंय. नुसत्या सांगण्यावर ठोकळ्यांची रांग सरकवता येत नाही. दगडाचं काही दिसलं तर मी त्याच दिवशी काम थांबवतो आणि पुरातत्त्वाच्या लोकांना कळवतो." हा माणूस शब्दाचा खरा निघाला, हे पुढं कळलं. पण दाखवायचं कसं ते त्यानं सांगितलं नव्हतं. आणि गाळात उतरा असंही तो म्हणाला नव्हता. ते तुझं डोकं.

पाणी उतरत गेलं. वैशाखात बारवेचं कडं उघडं पडलं. तू खोरं काढलंस. कौसाबाई तोडीवरून परतली होती, तिला तयार केलंस. मला तयार केलं नाहीस. मी आले ते तुला एकटीला जाऊ द्यायचं नव्हतं म्हणून, आणि जाताना म्हणालेही, "मला हे पटलेलं न्हाई, ध्यानात ठिव."

"ठिवते," तू म्हणालीस. "घमेलं घ्या."

तळ्याचा गाळ वरून वाळून पापडासारखा होतो आणि खाली आंबिलीसारखा असतो, हे आपल्याला ठाऊक होतं. म्हणून तुराट्यांच्या पेंढ्या टाकत टाकत वाट केली. कड्याभोवती पेंढ्या, वर बाभळीच्या फांद्या, आणि त्यावर बसून आतला गाळ घमेल्यानं उपसायचा. ऊन चढायच्या आत काम करायचं. तरी रोज ऊन चढायचंच. कौसाबाई म्हणायची, "सहा म्हैने ऊस तोडला, आता देवाचं आंगण झाडाय लावलंय. मुकादम बरा होता, उचल तरी दिली होती." तू म्हणायचीस, "आसरा देतील की." ती म्हणायची, "त्यांना म्हणावं आधी द्या."

आपण हसलो होतो तिथं. तेही सांगायला पाहिजे. मी तुला म्हणाले होते की तुझ्या नाकाला चिखल लागलाय, आणि तू पुसायला गेलीस तर हातालाच चिखल. तुझं तोंड असं झालं की कौसाबाईला ठसका लागला.

आपली चूक कुठं झाली त्याची मी रोज उजळणी करते. आपण बाहेरून उपसत होतो आणि काढलेला गाळ कड्याच्या काठावरच टाकत होतो, लांब न्यायचा कंटाळा म्हणून. त्याचा ढीग झाला. त्या दिवशी तू म्हणालीस, हाताला दगड लागतोय, मी जरा उतरते. मी नको म्हणाले. माझं तू आयुष्यात कधी ऐकलंस?

तू गेलीस. मग दहावा झाला. दत्तानं केस काढले होते, त्याच्याकडं बघवत नव्हतं. दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी साहेब आला, तहसीलचा एकजण आला. लिंबाखाली सतरंजी टाकली, गाव जमलं. तहसीलच्या माणसानं विचारलं, बाई तिथं कशाला गेल्या होत्या?

दत्ता म्हणाला, "माय लाकडं आणाय गेलती. चुलीला."

मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं मान वर केली नाही. त्याला सगळं माहीत होतं. त्याच ट्रॉलीत, तुझं डोकं त्याच्या मांडीवर असताना, मी त्याला सांगितलं होतं.

मी त्याला बाजूला ओढलं. म्हणाले, "तुझ्या घरात गॅस हाय दत्ता. सगळ्या गावाला ठावं हाय."

"मोठी माय, समजून घ्या. बारव म्हणलं तर काम थांबंल. वीस-पंचवीस पोरं लागलीत तिथं. ह्या वर्सी त्यांच्या बायका घरी राहत्याल. पुन्हा त्यांच्या हातात कोयता द्यायचा का?"

"आणि मायीचं काय?"

"माय तर गेली," तो म्हणाला. "आता ह्या गोष्टीनं ती येणार हाय का?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, चंद्रकले. कोयत्यावर जाऊन आलेल्या बायका मी बघते, कौसाबाईचे हात बघते. पण लाकडं हे खोटं होतं. आणि ते खोटं तसंच राहिलं असतं तर पाणी परत चढलं असतं, कडं बुडालं असतं, ठोकळा पडला असता, आणि तू एका काटकीसाठी मेलीस असं झालं असतं. तुझ्या म्हणण्याशी मी मेले तरी सहमत नव्हते. पण तुझं म्हणणं कोणी चुलीत घालावं, हे मला सहन होईना.

मी सतरंजीपाशी गेले. बसले नाही. म्हणाले, "लाकडं न्हाईत. आमी बारव उघडत होतो. आत आसरा हायेत. सात. कडेवर पोरं हायती. दगडात कोरलेल्या हायेत आणि त्या वर आणलेल्या न्हाईत."

 आपण कधी पुरुषांपुढं त्यांचं नाव घेतलं नव्हतं.  मला वाटलं सासू कुठूनतरी येऊन तोंडात मारेल. एक म्हातारा म्हणाला, "एवढ्या वर्सांत बायांनी आमाला सांगितलं न्हाई." कौसाबाई मागून म्हणाली, "तुमी कधी इचारलं?"

तहसीलच्या माणसानं साहेबाकडं बघितलं. साहेब म्हणाला, "त्या मावशी मला येऊन सांगून गेल्या होत्या. हेच." आणि तिथूनच फोन लावून त्यानं त्या बाजूचं काम थांबवलं. दत्ता उठून घरात गेला. आठवडाभर तो माझ्याशी बोलला नाही.

मग पुरातत्त्वाची पोरगी आली. पोरगीच म्हणते, तुझ्या नातीएवढी. पायात मोठे बूट, डोक्यावर टोपी, बरोबर तीन माणसं, फळ्या, दोर, पाणी उपसायचं यंत्र. त्यांनी आधी काठावरचा आपला ढीग लांब हलवला. बाजूंना फळ्या ठोकल्या. कोणी एकटा उतरला नाही, ज्याच्या कमरेला दोर नाही तो उतरला नाही. मी बघत होते. असं असतं तर, हे मी मनात म्हणाले आणि तिथंच थांबवलं. त्या वाटेनं गेले तर मला परतता येत नाही.

तू म्हणाली होतीस ती पायरीच होती. तिच्याखाली दुसरीही होती. आणि तुझा पाय जिथं होता त्याच्या डावीकडं, हातभर अंतरावर, देवळी. त्या पोरीनं मऊ कुंचल्यानं गाळ काढला. शेंदराची ढलपी जागोजाग सुटलेली. एकीचं नाक गेलेलं. बाकी सगळ्या जागेवर बसलेल्या, मांडीवर, कडेवर, पायाशी पोरं. मी पहिल्यांदा त्यांची तोंडं बघितली. तुला एकटीला इतकी वर्षं ठाऊक असलेली गोष्ट मी बघितली. त्या साध्या दिसतात, चंद्रकले. शेतातून येऊन टेकलेल्या बायांसारख्या.

ती पोरगी म्हणाली, ह्या सप्तमातृका. मी म्हणाले, असतील, आमच्या आसरा. ती म्हणाली, दोन्ही खरं.

मग मी विचारलं, "कधी नेणार?"

"कुठं?"

"तुमच्या शहरात. काचंमागं."

ती खाली बसली, माझ्या शेजारी, चिखलातच. म्हणाली, "नेणार नाही आजी. इतकी वर्षं पाण्यानं आणि गाळानं ह्यांना सांभाळलंय. वर काढून उन्हात ठेवलं तर दगडाचे पापुद्रे सुटायला लागतील. मोजमाप घेऊ, फोटो काढू आणि परत झाकून टाकू. जागेवरच. फक्त ह्याच्या आसपास ठोकळा आणि साखळी येता कामा नये, ती जबाबदारी ह्यांची." तिनं साहेबाकडं हात केला. साहेब हो म्हणाला.

मला तेव्हा तुझा इतका राग आला की सांगू नये. मी म्हणत होते जागेवर राहू दे. तू म्हणत होतीस सांगितल्याशिवाय जागेवर राहणार नाहीत. ती पोरगी दोन वाक्यांत आपलं दोघींचं भांडण मिटवून मोकळी झाली, आणि तू ऐकायला नव्हतीस. मी जिंकले असते तर तुला टोचून टोचून बेजार केलं असतं. तू जिंकली असतीस तर तू काहीच बोलली नसतीस, नुसता ताकाचा तांब्या पुढं केला असतास, आणि ते मला जास्त लागलं असतं. तू बरोबर होतीस हे मी आता म्हणते. तू समोर असतीस तर म्हणाले नसते. हे काही बरं नाही, पण आपण दोघी अशाच होतो.

झाकायच्या दिवशी मला जायचं नव्हतं. कौसाबाई हाताला धरून घेऊन गेली. त्यांनी देवळीवर कापड लावलं, बारीक वाळू भरली, आणि मग गाळ. तोच गाळ. तू घमेल्या-घमेल्यानं काढलेला, ज्याच्या ढिगानं तुला ओढून नेलं तो, त्यांनी नीट थर देत परत आत टाकला. पोरगी म्हणत होती, हळू, दाबू नका. एवढ्या मायेनं ते चाललं होतं की मला तिथून उठून जावंसं वाटलं. उपसायचा, बघायचा, परत टाकायचा. एवढ्याचसाठी? मी हे मोठ्यानं म्हणाले. कौसाबाई म्हणाली, "व्हय. एवढ्याचसाठी. तिला इचारलं असतं तर ती बी हेच म्हणली असती."

तू म्हणाली असतीस का? मला माहीत नाही. मला वाटतं, तू म्हणाली असतीस, आक्का, शेवटचं एकदा बघू द्या. आणि मग टाका.

कापड लावायच्या आधीच कौसाबाईनं ओटी काढली होती. पुरुष सगळे काठावर होते, कंपनीची माणसं, गावची पोरं, दत्ताही आला होता. कोणी त्यांना काही सांगितलं नाही. दत्तानं आधी पाठ फिरवली. मग बाकीच्यांनी फिरवली. साहेबाला कळेना, मग त्यानंही फिरवली. आम्ही दहीभात ठेवला. मी वर आले आणि वळून बघितलं. सासूची माफी मागते, पण बघितलं.

दत्ता त्या संध्याकाळी घरी आला. भिंतीला टेकून बसला. म्हणाला, "मोठी माय, मला ठावंच नव्हतं खाली काय हाय ते." मी म्हणाले, "तुला कुणी सांगितलंच न्हाई तर तुला कसं ठावं असंल?" त्यानं भाकरी खाल्ली. पोरांचं काम गेलं नाही, रांग फक्त सरकली, काम दोन महिने लांबणार एवढंच. हेही मला आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. त्यालाही.

आता वरच्या धरणातून पाणी सोडणार म्हणतात. साहेबानं तिथं लाल डबे तरंगत बांधायचं ठरवलंय, म्हणजे होडीवाल्यांना कळेल की इथं काही टाकायचं नाही. मोबाईलमध्ये नकाशावर त्यानं मला लाल गोल दाखवला. मी म्हणाले, तू बदलून गेल्यावर हा गोल कोण बघणार? तो म्हणाला, जो येईल तो. मी म्हणाले, येईल त्याला माझ्याकडं पाठव. तो हसला, पण मी हसायला म्हणाले नव्हते. मी जाईन तेव्हा सुनांना सांगून जाणार. लेकांनाही. तुझ्या नातीला तर सगळं सांगितलं, पोरं कोणाच्या कडेवर आहेत तेसुद्धा. न सांगायची रीत मी मोडली. सासूचं बोलणं मात्र मोडलेलं नाही. त्या पाण्यातच आहेत.

मला अजून स्वस्थता नाही. रोज सकाळी काठावर जाऊन उभी राहते, पाणी कुठवर आलं बघते, परत येते. सूनबाई म्हणते, काय बघता? मी सांगत नाही, कारण मलाही नीट सांगता येणार नाही.

गावात गोष्ट आत्ताच बदलायला लागली आहे. कोणी म्हणतं आसरांनी तुला बोलावून घेतलं. कोणी म्हणतं पाच बायका होत्या, कोणी म्हणतं तू पाण्यात उडी घेतलीस. पुढं अजून काय काय म्हणतील. म्हणून मी हे लिहून ठेवते. तुला कोणी बोलावलं नव्हतं. काठावर गाळाचा ढीग होता आणि कड ढासळली. आपण तिघी गेलो होतो, तू, मी आणि कौसाबाई. त्यातली कौसाबाई वाचली आणि मी वाचले.